पिसांचा कोट

आम्हां गोवेकरांना थंडीचे भारी कौतुक. डिसेंबरात पहाटे जरा गार वारा सुटला की कानटोप्या बाहेर निघतात, आणि कचेरीत पंखा चालू ठेवायचा की बंद यावर अर्धा तास चर्चा रंगते. खऱ्या थंडीशी माझी गाठ पडली ती मोलेच्या रानात. कॉलेजात असताना आम्ही चार-पाच मित्र तिथे तंबू ठोकून राहिलो होतो. प्रत्येकाकडे दोन चादरी होत्या. दोन्ही अंगावर घेतल्या, तरी मध्यरात्रीनंतर एकालाही झोप लागली नाही. थंडी वरून येतच नव्हती. ती पाठीतून वर चढत होती.

सकाळी जवळच्या वस्तीतला एक म्हातारा धनगर आला. आमचे सुजलेले डोळे बघून हसला आणि म्हणाला, "पोरांनो, जमीन तुमची ऊब पिते. पांघरूण आधी खाली घालायचं, मग वर." त्या रात्री आम्ही वाळके गवत आणि पाने पसरली, त्यावर एक चादर घातली आणि एकच अंगावर घेतली. उन्हे तोंडावर येईपर्यंत कुणी हलले नाही.

त्या म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगितलेले गणित जगाने किती हाल सोसून शिकले, ते मला पुढे वाचनातून कळले. आजचा लेख त्याविषयी.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पांघरूण ऊब देत नाही. ऊब देते आपले शरीर, खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर. पांघरूण फक्त हवा अडवून धरते, आणि ती अडकलेली हवा आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. लोकर, रेनडियरचे पोकळ केस, बदकाची मऊ पिसे या साऱ्यांचे काम एकच, हवा पकडून ठेवणे. अंगाखाली मात्र आपल्याच वजनाने ती हवा दाबली जाते. म्हणून खाली काही घट्ट, न दबणारे लागते. आणि पांघरूण भिजले की हवेची जागा पाणी घेते, मग सगळा खेळ संपला.

झोपायच्या पिशवीचा इतिहास तसा फार जुना नाही. 1861 साली फ्रान्सिस टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने आल्प्समध्ये घोंगडीला खालून रबरी कापड लावलेली पिशवी वापरून पाहिली. 1876 साली वेल्समधल्या प्राइस प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याने गुंडाळून बंद करता येणाऱ्या लोकरी रगचे पेटंट घेतले. त्यात हवा भरायची रबरी उशीही होती. 1888 साली नान्सेन आणि त्याचे पाच साथी ग्रीनलंड ओलांडायला निघाले, तेव्हा सहा जणांत रेनडियरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या होत्या. एकेका पिशवीत तिघे! संकोच बाजूला ठेवला तर हिशेब चोख होता. वजन कमी आणि ऊब तिघांची.

पण ओल काय करू शकते हे कळले 1911 साली, अंटार्क्टिकात. स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे 27 जूनला एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. जून-जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, चोवीस तास अंधार. जाताना सुमारे शंभर किलोमीटर आणि येतानाही तेवढेच. पारा एकदा उणे 60 अंशांच्याही खाली उतरला. रात्री उच्छ्वासाची आणि घामाची वाफ रेनडियरच्या पिशवीत शिरायची आणि तिथेच गोठायची. दिवसा पिशवी लाकडासारखी कडक व्हायची. रात्री तिच्यात शिरायचे म्हणजे अंगाच्या उबेने ती इंच-इंच वितळवत आत सरकायचे. चेरी-गॅरार्डची पिशवी तर त्याच्या मापापेक्षा मोठी होती, त्यामुळे आतली रिकामी जागा तापवण्यातच त्याची ऊब संपायची.

हे तिघे 1 ऑगस्टला परतले तेव्हा पिशव्यांची वजने केली गेली. चेरी-गॅरार्डची पिशवी आतल्या पिसांच्या अस्तरासह निघताना 18 पौंडांची होती, ती 45 पौंडांची झाली होती. म्हणजे जवळजवळ बारा किलो बर्फ तो रोज पांघरून झोपत होता. वजनांच्या त्या यादीत बॉवर्सच्या नावापुढे अस्तराचा उल्लेख नाही. त्याचे कारण असे, की बॉवर्सने आपले कोरडे अस्तर न वापरता जपून ठेवले होते आणि तो ते चेरीला पुन:पुन्हा देऊ करत होता. चेरी नको म्हणत राहिला. शेवटी वादळाने तंबू उडवून नेला, आसऱ्याचे छप्परही गेले, तेव्हा कुठे त्याने ते घेतले. नशिबाने तंबूही पुढे सापडला. तिघे तीन अंडी घेऊन जिवंत परतले. पुढे विल्सन आणि बॉवर्स स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेले आणि 1912 च्या मार्चमध्ये परतीच्या वाटेवर तंबूतच गेले. चेरीने 1922 साली या साऱ्यावर पुस्तक लिहिले. मला वाटते, ते अस्तर त्याला जन्मभर जड झाले असावे.

याच 1922 साली ब्रिटिश मोहीम एव्हरेस्टवर निघाली होती. त्यात जॉर्ज फिंच नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिकचे, त्यामुळे लंडनच्या बड्या मंडळींत तो जरा उपराच. त्याने फुग्याच्या, म्हणजे आकाशात उडणाऱ्या बलूनच्या कापडात बदकाची पिसे भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे साहेब लोकर आणि ट्वीडमध्ये. त्यांनी या फुगीर कोटाची थट्टा केली. प्राणवायूची नळकांडी घेऊन चढायचे हा त्याचा आग्रहही अनेकांना खिलाडू वाटत नव्हता. वर गेल्यावर थट्टा थांबली आणि कोटाचा हेवा सुरू झाला.

25 मे रोजी फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर बुरा हा गुरखा सैनिक अशा तिघांनी सुमारे 25,500 फुटांवर लहानसा तंबू लावला. रात्रभर वादळ होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरले तेव्हा तिघे थकले होते, पण खाली उतरले नाहीत. संध्याकाळी खालच्या छावणीतून काही भारवाहक थर्मासमध्ये गरम चहा आणि सूप घेऊन वर आले. कोण कुठले ते भारवाहक, आपला जीव धोक्यात घालून चहा घेऊन आले! चहाची ऊब मात्र फार टिकली नाही. रात्री हातपाय गार पडत चालले. तेव्हा फिंचला सुचले, की प्राणवायू फक्त चढायलाच का वापरायचा? त्याने तिघांना आळीपाळीने, मग रात्रभर थोडा थोडा मिळेल अशी सोय केली. अंगात ऊब परतली आणि तिघेही झोपले.

यात जादू काही नाही. शेगडीत कोळसे भरपूर असले तरी वारा मिळाल्याशिवाय ती फुलत नाही. शरीराचेही तसेच. विरळ हवेत अन्न नीट 'जळत' नाही, म्हणून कितीही पांघरा, थंडी वाजतेच. 27 मे रोजी फिंच आणि ब्रूस सुमारे 27,300 फुटांपर्यंत पोहोचले. तेव्हा एवढ्या उंचीवर कुणीच चढले नव्हते.

पण ही मोहीम आनंदात संपली नाही. फिंच परत निघाल्यावर 7 जून रोजी पुन्हा चढाईचा प्रयत्न झाला आणि हिमलोटात सात भारवाहक गेले. कोटांची, उंचीच्या विक्रमांची चर्चा आजही होते. या सातांची नावे किती जणांना ठाऊक असतात?

फिंचला 1924 च्या मोहिमेत घेतले नाही. व्याख्यानांच्या पैशांवरून त्याचे आणि मोहीम समितीचे बिनसले होते. काम येणारा माणूस आणि वरच्यांना आवडणारा माणूस यांत निवड करायची वेळ आली की काय होते, हे सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता गंमत बघा. हाच फिंच 1952 साली पुण्यात आला! तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक म्हणून त्याने 1957 पर्यंत काम केले. 29 मे 1953 रोजी तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा फिंचसाहेब आपल्या पुण्यातच संचालकपदावर होते. आदल्या रात्री ते दोघे सुमारे 27,900 फुटांवर पिसांचे कपडे घालून झोपले होते, आणि झोपेत काही तास प्राणवायू घेत होते. म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी ज्यांची टिंगल झाली, त्याच दोन्ही गोष्टी. हिलरीने रात्री बूट काढून ठेवले, ते सकाळी दगड झाले आणि स्टोव्हवर वितळवत बसण्यात दोन तास गेले. तेनझिंगने बूट काढलेच नव्हते. हिमालयाच्या माणसाला ते कुणी शिकवावे लागत नाही.

मोलेचा तो म्हातारा आता नसेल. त्याचे नाव आम्ही विचारलेही नव्हते, आणि आज त्याचीच खंत वाटते. मुलगा परवा मित्रांबरोबर रानात राहायला निघाला. त्याच्याकडे छान, महागडी झोपायची पिशवी आहे. मी एवढेच सांगितले, झोपण्याआधी पोटभर खा, कोरडे कपडे घाल, तोंड पिशवीबाहेर ठेव आणि आधी खाली काहीतरी घाल. "कुणी सांगितलं तुम्हांला?" असे त्याने विचारले. म्हटले, बस, सांगतो. आणि सुरुवात फिंचपासून नाही, त्या धनगरापासून केली.