सोयाबीनच्या जिवाणूंची चाल आणि तिचे गणित

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत मृगाच्या पावसानंतर सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. हवेतील नत्र मुळांवरील गाठींमध्ये स्थिर करणारे रायझोबियम गटातील जिवाणू बियाण्याला चोळण्याची शिफारस आहे. जिवाणूच ते, शेतात कुठेही टाकले तरी वाढत रानभर पसरतील, असे सहज वाटू शकते. गणित मात्र वेगळे सांगते.

सोयाबीनचे ब्रॅडीरायझोबियम हे जिवाणू संथ वाढणारे आहेत. एकाचे दोन होण्यास 8 तास धरले, तरी 10 दिवसांत 30 वेळा दुप्पट होऊन संख्या सुमारे 107 कोटींवर जाते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात वसाहतीच्या मध्यभागातील अन्न लवकर संपते आणि वाढ मुख्यतः कडेच्या अरुंद पट्ट्यात होते. त्यामुळे वसाहतीची त्रिज्या दुपटीने नव्हे, तर रोज जवळजवळ सारख्याच अंतराने वाढते.

अशा पसरण्याचे समीकरण 1937 मध्ये इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी आणि रशियात कोल्मोगोरोव्ह व सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे मांडले. फिशर यांच्यापुढे जिवाणू नव्हतेच. उपयुक्त जनुक कसे पसरते, हा त्यांचा प्रश्न होता. या समीकरणानुसार वाढीचा दर चौपट झाला, तरी कडा पुढे सरकण्याचा वेग केवळ दुप्पट होतो.

प्रयोगशाळेतील आगरवर ब्रॅडीरायझोबियमच्या वसाहतीचा व्यास 5 ते 7 दिवसांत एक मिलिमीटरपलीकडे जात नाही. म्हणजे कडा आठवड्याला साधारण अर्धा मिलिमीटर सरकते. सोयाबीनच्या ओळीत दोन रोपांमध्ये 5 सेंटिमीटर अंतर ठेवतात. या गतीने ते ओलांडण्यास 100 आठवडे लागतील. पीक मात्र सुमारे 100 दिवसांत काढणीला येते.

अर्थात काळी जमीन म्हणजे आगर नव्हे. झिरपणारे पाणी आणि वाढणारी मुळे जिवाणूंना काही अंतर वाहून नेतात. तरीही प्रत्येक दाण्यावर जिवाणू असणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो. म्हणूनच बीजप्रक्रियेत 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धक चोळून बियाणे सावलीत सुकवतात. बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी, हा क्रम चुकला तर पाकिटाचा खर्च वाया जाण्याची भीती असते.

वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या शेतात मूळचे जिवाणू आधीच ठाण मांडून असतात. गाठींमधील जागेसाठी पाकिटातील जिवाणूंना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे संवर्धकाचा लाभ प्रत्येक शेतात सारखा दिसत नाही.