नायक, नसाब आणि जिल्हा परिषद

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद, दिग्रस व दारव्हा या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे आजही दाट आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणारा हा फिरता जथा रेल्वे व पक्क्या सडकांपुढे 'लदेणी' म्हणजे ही मालवाहतूक टिकेनाशी झाली तेव्हा शेतीकडे वळला आणि डोंगरउतारांवर स्थिरावला. तांड्याचा प्रमुख तो नायक आणि त्याच्या हाताखाली कारभारी. नायकी सामान्यतः बापाकडून मुलाकडे जाई, तांडाही बहुधा नायकाच्याच नावाने ओळखला जाई. मात्र काडीमोड, देणेघेणे, मारामारी अशा तंट्यांचा निवाडा नायक एकट्याने करीत नसे. त्यासाठी 'नसाब', म्हणजे तांड्यातील जाणत्यांची पंचायत, उघड्यावर बसे, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐके आणि दंड ठरवी. ज्यांना नायकाचा कारभार पटत नसे त्यांना वेगळा तांडा वसवण्याची वाट मोकळी असे, आणि जन्मसिद्ध अधिकाराला खरा लगाम बहुधा याच वाटेने घातला असावा. बायकांना मात्र या बैठकीत स्थान नव्हते, ही उणीव लहान नव्हे.

तांड्याबाहेरचे जग वेगळ्या तत्त्वावर चाले. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई, आणि तो गोळा करणारे पाटील-पटवारी वंशपरंपरेने नेमले जात. महसुली दफ्तराच्या लेखी तांडा ही बहुतेक वेळा शेजारच्या गावाची वाडी. म्हणून आपल्या हद्दीत ज्याचा शब्द अखेरचा, तो नायक पाटलाच्या चावडीवर अर्जदार म्हणूनच उभा राही.

पुसद तालुक्यातील गहुली येथे अशाच एका नायकाच्या घराण्यात 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले. महसूलमंत्री असताना ते 1960 साली लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष झाले. त्यापूर्वी, 1957 साली, केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने जिल्हा पातळीवरील संस्थेला सल्लागाराचे स्थान देऊन तिचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे सुचवले होते. नाईक समितीने ही मांडणी उलटवली: जिल्हा परिषदच बलवान करावी, तिचा अध्यक्ष निवडून आलेला असावा आणि जिल्हाधिकारी तिच्याबाहेर राहावा. 1961 च्या कायद्याने 1 मे 1962 पासून हा कारभार सुरू झाला, आणि 1962 च्याच आणखी एका कायद्याने महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद संपुष्टात आले. मुख्य कार्यकारी अधिकारी तेवढा शासनानेच नेमायचा होता, त्यामुळे समितीचा विश्वास बिनशर्त नव्हता, हे नोंदवायला हवे.

समितीच्या या भूमिकेचा उगम नसाबीत शोधणे आकर्षक असले तरी त्याला पुरावा नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या काळातील काँग्रेसचे राजकारण हे तिचे अधिक जवळचे कारण ठरते. उलट, जन्मसिद्ध अधिकार मतपेटीतून पुन्हा उभा राहिला, याची साक्ष मात्र ठळक आहे. वसंतराव 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते, पुतणे सुधाकरराव 1991 ते 1993, आणि पुसदची आमदारकी दीर्घकाळ याच घराण्याभोवती फिरली. जी वंशपरंपरा पाटलाच्या बाबतीत कायद्याने मोडली, ती नायकाच्या घरी मतदारांनी राजीखुशीने राखली.

नसाबीत ज्यांना बसता येत नव्हते, त्यांच्यासाठी दार उघडले ते पुढे, 1993 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्यावर. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले.