पोतोसीची चांदी आणि आपला रुपया

सौदीचा रियाल, इराणचा रियाल, येमेन आणि ओमानचा रियाल. हज किंवा उमरा करून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द असतो आणि तो अरबी आहे असेच बहुतेकांना वाटते. मुळात तो स्पॅनिश आहे. ‘रेआल’ म्हणजे राजाचा, शाही. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनच्या राजाची चांदीची नाणी अरब आणि इराणी बाजारांत इतकी आली की नाण्याबरोबर त्याचे नावही तिथे मुक्कामाला राहिले. एक शब्द उलट दिशेनेही गेला. अरबीतला ‘सिक्का’, म्हणजे नाणे पाडण्याचा ठसा, अंदलुसमधून स्पॅनिशमध्ये शिरला आणि ‘सेका’ झाला. अर्थ टांकसाळ. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘शिक्का’ झाला.

या दोन शब्दांच्या प्रवासामागे जी चांदी होती, तिचा मोठा भाग एका डोंगरातून निघाला. तो डोंगर दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातल्या पोतोसी शहराच्या डोक्यावर उभा आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या जवळपास अडीच पट. तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस माझे डोके ठणकत होते आणि दहा पायऱ्या चढल्या की दम लागत होता. डोंगराचे नाव सेरो रिको, श्रीमंत डोंगर. लालसर, बोडका, शंकूच्या आकाराचा. त्याच्या पोटात आजही हजारो माणसे काम करतात.

या डोंगरातल्या चांदीचा शोध स्पॅनिशांना १५४५ मध्ये लागला. दिएगो हुआल्पा या स्थानिक माणसाला ती प्रथम दिसली असे सांगतात. त्याच वर्षी आपल्याकडे कालिंजरच्या किल्ल्यापाशी शेरशाह सूरीचा मृत्यू झाला. चांदीचा रुपया घडवून देणारा बादशाह गेला आणि पुढे त्या रुपयाला चांदी पुरवणारा डोंगर उघडला, दोन्ही एकाच वर्षी. अर्थात त्या वेळी याची कल्पना कोणालाच नव्हती.

वरच्या थरातली उत्तम चांदी पंचवीस-तीस वर्षांत संपत आली. तेव्हा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने दोन गोष्टी केल्या. पहिली, कमी प्रतीच्या खनिजातून पाऱ्याच्या मदतीने चांदी काढण्याची पद्धत १५७२ च्या सुमारास इथे आणली. पारा मुख्यतः आजच्या पेरूमधल्या हुआंकावेलिकाच्या खाणीतून येई. पाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘असोगे’ म्हणतात, तो शब्दही अरबीच. स्पेनमधल्या पाऱ्याच्या प्रसिद्ध खाणीचे गाव आल्मादेन, अरबी ‘अल-मादिन’, म्हणजे खाणच. पारा मिसळलेला खनिजाचा चिखल मजूर पायांनी तुडवत आणि पुढे तापवताना निघणारी वाफ त्यांच्याच नाकातोंडात जाई.

दुसरी गोष्ट ‘मिता’. हा शब्द इंका राजवटीतला, अर्थ पाळी. तोलेदोने त्याची वेठबिगार केली. सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातातल्या एकाने पाळीपाळीने वर्षभर पोतोसीला यायचे. वर्षाला सुमारे साडेतेरा हजार माणसे. बायकामुले आणि लामांवर लादलेले धान्य घेऊन काहींना इथे पोहोचायलाच दोन महिने लागत. मजुरी मिळे, पण तीत पोटही भरत नसे. १८१२ मध्ये स्पेनच्या संसदेने मिता रद्द केली, म्हणजे ही पाळी जवळजवळ अडीचशे वर्षे चालली.

खाण पाहायला निघण्याआधी वाटाड्या आम्हाला कामगारांच्या बाजारात घेऊन गेला. कोकाची पाने, सिगारेट, कडक अल्कोहोलच्या बाटल्या आणि डायनामाइटच्या कांड्या तिथे एकाच दुकानात मिळतात. पाहुण्याने कामगारांसाठी काहीतरी घेऊन जायचे अशी रीत आहे. मी दारू सोडून कोकाची पाने आणि थंड पेये घेतली. वाटाड्या स्वतः पूर्वी खाणीत काम करत होता. त्याचे वडील फुप्फुसात धूळ साचून गेले होते.

बोगद्याच्या तोंडाशी गारठा होता, आत जावे तसा उकाडा वाढला. छत इतके खाली की बराच वेळ कमरेत वाकून चालावे लागले. नाकावर रुमाल बांधूनही घशात धूळ जाणवत होती. मागून आरोळी आली की आम्ही भिंतीला चिकटायचो आणि खनिजाने भरलेला लोखंडी गाडा दोघे-तिघे ढकलत पळत जायचे. एका कोनाड्यात मातीची मूर्ती होती. डोक्याला शिंगे, तोंडात सिगारेट, अंगावर कोकाची पाने. हा ‘तिओ’, म्हणजे काका, जमिनीखालचा धनी. हे कामगार बाहेर ख्रिस्ती आहेत, चर्चमध्ये जातात. आत मात्र त्यांना तिओची मर्जी सांभाळावी लागते. ज्या ठिकाणी दरड कधी कोसळेल याचा भरवसा नाही, तिथे माणूस कोणाचीही मर्जी सांभाळेल. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही.

एक तरुण गालात कोकाची पाने धरून बसला होता. कधीपासून काम करतोस, असे मी विचारले. पंधराव्या वर्षापासून, तो म्हणाला. दुसरे काम का पाहिले नाहीस, या प्रश्नावर त्याने वाटाड्याकडे पाहिले आणि दोघे हसले.

१९५२ च्या क्रांतीनंतर बोलिव्हियाच्या मोठ्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. १९८५ मध्ये कथिलाचे भाव कोसळले, हजारो कामगार घरी बसले आणि डोंगराच्या अनेक वाटा सहकारी संस्थांकडे गेल्या. आता इथून जस्त, शिसे, कथील आणि थोडी चांदी निघते. डोंगर आतून इतका पोखरला आहे की शिखर खचू लागले आहे. १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरलेले हे शहर २०१४ मध्ये युनेस्कोने धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले.

आता आपल्याकडे येऊ. मुघलांच्या मुलखात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्या, तरी सारा वसूल होई तो चांदीच्या रुपयांत. ही चांदी समुद्रमार्गे आली. स्पॅनिश अमेरिकेतली नाणी युरोपातून हलब, बसरा आणि मोखाच्या बाजारांत, तर काही कंपन्यांच्या जहाजांतून केपला वळसा घालून थेट सुरतेला. आपले कापड, नीळ आणि मिरी यांच्या बदल्यात. सुरतेत सराफ नाणे पारखत, टांकसाळीत ते वितळवले जाई आणि त्याचा रुपया होई. पारख लागेच, कारण पोतोसीच्या टांकसाळीतच भेसळीचा मोठा घोटाळा झाला होता आणि त्यात १६५० मध्ये एका बड्या चांदी-व्यापाऱ्याला देहदंड झाला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटली ती हीच सुरत. १६९५ मध्ये हाजी आणि व्यापारी घेऊन परतणारे औरंगजेबाचे गंज-इ-सवाई जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले, तेही याच व्यापाराच्या वाटेवर.

वाटाड्याने सांगितले की या डोंगराने ऐंशी लाख माणसे खाल्ली. हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण इतिहासकार तो मानत नाहीत. मितावर येणाऱ्यांची संख्या पाहता तो मेळ बसत नाही. मग खरा आकडा कोणता? तो मिळणार नाही, कारण तसा हिशेबच कोणी ठेवला नाही. राजाचा पाचवा हिस्सा किती चांदी झाला, याच्या वह्या वर्षानुवर्षांच्या आहेत. किती मजूर यायला हवेत, याच्या याद्या आहेत. त्यांतले किती घरी पोहोचले, हे लिहून ठेवण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

नाण्यांवरही तेच दिसते. पोतोसीच्या नाण्यावर राजाचे नाव, टांकसाळीची खूण आणि पारख करणाऱ्याचे आद्याक्षर. सुरतेच्या रुपयावर बादशाहाचे नाव, ‘जर्ब सूरत’ आणि सन. चांदी अर्ध्या जगातून फिरली, दोनदा तिच्यावर ठसा बसला आणि दोन्ही वेळा ती खणणाऱ्याला जागा मिळाली नाही.

आपल्या घरांत जकातीचा हिशेब आजही अनेकदा साडेबावन्न तोळे चांदीवर होतो. मेहेरच्या चर्चेत, जुन्या पैंजणांत, आजीच्या डब्यात चांदी असते. आपण ती वजनाने ओळखतो, भावाने ओळखतो, फार तर कारागिराच्या हाताने ओळखतो. मुघल काळाचे वैभव सांगताना आपण रुपयाची शुद्धता सांगतो आणि ती सांगायलाही हवी. त्या वाक्याच्या पुढे एक वाक्य जोडावे, एवढेच मला वाटते: ही चांदी ज्यांनी काढली त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण ती माणसे होती.