सहा महिने न जाणारा थकवा : क्रॉनिक फटीग सिंड्रोम कसा ओळखाल?

कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी अंग दुखते, हातपाय गळून जातात. रात्री गाढ झोप लागली की सकाळी पुन्हा शेतात जायची ताकद येते. हा कष्टाचा थकवा. क्रॉनिक फटीग सिंड्रोममधला थकवा विश्रांतीने भरून निघत नाही. पूर्वी सहज होणारी कामे त्यात होईनाशी होतात.

या आजाराची सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे श्रमानंतर प्रकृती ढासळणे. समजा, तुम्ही दारव्ह्याहून यवतमाळला लग्नाला जाऊन आलात. त्या दिवशी ठीक वाटले, पण एक-दोन दिवसांनी अंथरुणातून उठवेना आणि पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे तसेच गेले. त्रास साधारण 12 ते 48 तासांनी वाढत असल्याने त्याचा संबंध त्या प्रवासाशी आहे हे लक्षातच येत नाही. घरच्यांना तर वाटते, ‘लग्नात चांगली हिंडत होती, आता काम आले की झोपते.’ हा आळस नव्हे. जास्त वेळ वाचन किंवा हिशेब केल्यानेही असेच होऊ शकते.

2015 साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, कामाची क्षमता बरीच कमी करणारा थकवा, वरील खूण आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे ही तिन्ही लक्षणे हवीत. सोबत पुढील दोनपैकी किमान एक हवे : शब्द न आठवणे, लक्ष न लागणे, किंवा रेशनच्या रांगेत उभे राहिल्यावर चक्कर, धडधड होणे आणि आडवे झाल्यावर बरे वाटणे. अनेकांना हा आजार विषाणूजन्य तापानंतर, कोविडनंतरही, सुरू होतो.

मात्र सहा महिने वाट पाहत घरी बसू नका. थकव्याची इतर कारणे जास्त आढळतात आणि त्यांवर उपचार आहेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या करून घ्या. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी हवीच. विदर्भात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे, त्यामुळे तीही चाचणी करा. पण तुम्ही फक्त वाहक असाल तर सततच्या थकव्याचे खापर त्यावर फोडू नका. वाहकाला सहसा त्रास नसतो. चिकनगुनियानंतरची सांधेदुखीही महिनोन्‌महिने राहते. नैराश्यात बहुधा काही करायची इच्छाच उरत नाही. इथे इच्छा असते, शरीर साथ देत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात.

फवारणीनंतर अचानक गळून जाणे ही गोष्ट वेगळी. 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घाम, उलट्या, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, दम लागणे यांपैकी काही असेल तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि लगेच रुग्णालय गाठा. औषधाच्या डब्यावरचे लेबल सोबत न्या.

क्रॉनिक फटीग सिंड्रोम दाखवणारी एकच एक रक्तचाचणी नाही, आणि तो पूर्ण बरा करणारी गोळीही नाही. सलाईन आणि ‘ताकदीचे इंजेक्शन’ यांवर पैसे घालवू नका. ‘रोज थोडा जास्त व्यायाम कर’ हा सल्लाही इथे उलटू शकतो. ब्रिटनच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक वाढत्या व्यायामाचा उपचार देऊ नये असे सांगितले आहे. त्याऐवजी आपल्या ताकदीची मर्यादा ओळखून कामाचे तुकडे करा आणि थकण्याआधीच थांबा. झोप, वेदना, चक्कर यांवर डॉक्टर स्वतंत्र उपचार देऊ शकतात.

ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची वही ठेवा : त्या दिवशी काय केले, झोप कशी लागली, त्रास कधी वाढला. लिहिणे जड जात असेल तर घरच्या कोणी लिहावे. तपासणीला जाताना त्यांनाही सोबत न्या.