पेन्शनवर आलेल्या हवालदारानं धर्माला २६ प्रश्न विचारले होते

अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून १९२७ साली वऱ्हाडात चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये अमरावतीत परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वऱ्हाडात ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

पण त्याच्या ३९ वर्षं आधी, तिकडे कोकणात, फौजेतून पेन्शनवर आलेल्या एका हवालदारानं "आमचा विटाळ का मानता?" हा सवाल थेट छापून विचारला होता. त्यांचं नाव गोपाळबाबा वलंगकर.

महाडजवळचं रावढळ हे त्यांचं गाव. जन्म १८४० च्या आसपासचा, महार कुटुंबातला. त्या काळी या समाजातल्या पोराच्या वाट्याला काय यायचं? गावकीची कामं, वेशीबाहेरचं घर आणि सार्वजनिक पाणवठ्यावर बंदी. शाळेचं तर नावच नको.

यातून बाहेर पडायचा एक रस्ता होता, तो म्हणजे इंग्रजांची फौज.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांची भरती जुन्या काळापासून व्हायची. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतल्या स्तंभावरची 'नाक' शेवट असलेली नावं त्याचीच साक्ष देतात. फौजेत ठरलेला पगार मिळायचा, हुद्दा मिळायचा, म्हातारपणी पेन्शन मिळायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पलटणीच्या शाळेत लिहाय-वाचायला शिकता यायचं. जात तिथंही सुटली नव्हती, पण गावाच्या मानानं माणूस मोकळा व्हायचा.

गोपाळबाबा १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. दापोलीत तेव्हा फौजी पेन्शनरांची मोठी वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ तिथंच होते.

पेन्शन सुरू होती. पोटासाठी गावकीवर अवलंबून राहायची गरज नव्हती. म्हणजेच गावानं रागावून काम बंद केलं तरी चूल विझणार नव्हती. गोपाळबाबांना निर्भीडपणे बोलता आलं त्यामागं हे साधं कारणही आहे.

त्यांच्यावर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रभाव होता. 'दीनबंधू'सारख्या पत्रातून ते लिहू लागले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. त्यात धर्माच्या ठेकेदारांना २६ प्रश्न विचारले होते. अस्पृश्यतेला आधार कशाचा, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. पुढं 'अनार्य दोष परिहारक मंडळी' या संस्थेच्या नावानं त्यांनी समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडायला सुरुवात केली.

१८९५ मध्ये सरकारनं त्यांना महाड तालुका लोकल बोर्डाचं सदस्य नेमलं. एक महार आपल्या बरोबरीनं बोर्डात बसणार, हे उच्चवर्णीय सदस्यांना रुचलं नाही. त्यावरून वर्तमानपत्रांतही वाद झाला. म्हणजे फौजेत हवालदार चालत होता, पण बोर्डातली खुर्ची मिळाली की तोच माणूस खुपायला लागला.

त्याच सुमारास आणखी मोठा घाव बसला. इंग्रजांनी 'लढवय्या जाती' असं एक खूळ काढलं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची फौजेतली भरती बंद केली. गोपाळबाबांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला. नुसत्या नोकरीसाठी एवढी धडपड नव्हती. फौज गेली की शाळा जाणार, पेन्शन जाणार, आणि ताठ मानेनं बोलणारी पुढची पिढीही जाणार, हे दिसत होतं.

१९०० साली गोपाळबाबा गेले. भरती तेव्हाही बंदच होती.

नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. कायमची महार रेजिमेंट आली ती थेट ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावात.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या परिषदेत बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनीही या भागातल्या फौजी पेन्शनरांची आठवण काढली. या पेन्शनरांमुळं इथं जागृती आली आणि भरती बंद झाल्यावर ती ओसरली, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ज्या महाडच्या बोर्डात गोपाळबाबांची खुर्ची खुपली होती, तेच हे महाड.

पुढं दापोलीच्या त्या रामजी सुभेदारांचे पणतू प्रकाश आंबेडकर १९९८ आणि १९९९ मध्ये अकोल्यातून लोकसभेवर निवडून गेले. बोर्डातल्या एका खुर्चीवरून वाद झाला होता, त्याला तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती.