फरसबंदी अभिकल्पाच्या संगणक आज्ञावल्या

रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांचा भार खालच्या मातीला सोसेल इतपत पसरविण्यासाठी मातीवर जे थर रचले जातात, त्यांना एकत्रितपणे फरसबंदी म्हणतात. डांबरी रस्त्यात सामान्यतः वर डांबर व खडी यांच्या मिश्रणाचे थर, त्यांखाली खडीचा पाया आणि त्याखाली मुरुम किंवा भरड खडीचा उपपाया असतो. अशा रस्त्याच्या फरसबंदीस नम्य फरसबंदी आणि काँक्रीटच्या रस्त्याच्या फरसबंदीस दृढ फरसबंदी अशी नावे आहेत. थरांची द्रव्ये व जाडी ठरविणे म्हणजे फरसबंदीचा अभिकल्प होय. हे काम आता बहुतांशी संगणक आज्ञावल्यांच्या साहाय्याने केले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नम्य फरसबंदीच्या आज्ञावल्यांची निर्मिती, प्रसार व जोपासना यांचा इतिहास दिला आहे.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाडी ठरविण्याचा मुख्य आधार अनुभव हाच होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग खात्यात ओ. जे. पोर्टर यांनी १९२९ च्या सुमारास मातीचे बळ मोजण्याची एक सोपी चाचणी प्रचारात आणली. तीत मातीच्या नमुन्यात दट्ट्या ठराविक खोलीपर्यंत घुसविण्यास लागणाऱ्या भाराची तुलना प्रमाणभूत खडीला लागणाऱ्या भाराशी करतात. या गुणोत्तराला सीबीआर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी धावपट्ट्यांसाठी ही चाचणी स्वीकारली आणि सीबीआर व जाडी यांचे वक्र जगभर रूढ झाले. ही पद्धत सोपी असली, तरी ज्या भारांचा व द्रव्यांचा अनुभव गाठीशी नाही त्यांबाबत ती काही सांगू शकत नव्हती.

सैद्धांतिक बाजू वेगळ्या मार्गाने वाढत होती. पृष्ठभागावरील भारामुळे एकजिनसी स्थितिस्थापक माध्यमात निर्माण होणारी प्रतिबले काढण्याची सूत्रे फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बूसिनेस्क यांनी १८८५ मध्ये मांडली. फरसबंदी मात्र एकजिनसी नसते. तिच्यात ताठ थर मऊ थरांवर बसविलेले असतात. कोलंबिया विद्यापीठातील डॉनल्ड बर्मिस्टर यांनी १९४३ मध्ये दोन थरांच्या आणि १९४५ मध्ये तीन थरांच्या रचनेची उकल प्रसिद्ध केली. या उकलीत बेसेल फलनांची अनंत समाकले येत असल्याने एकेका बिंदूवरील प्रतिबल हाताने काढणे अतिशय कष्टाचे होते. म्हणून एकम व फॉक्स (१९५१) आणि पुढे जोन्स (१९६२) यांनी तीन थरांसाठी कोष्टके तयार केली, तर पीटी यांनी १९६२ मध्येच आलेख दिले. कोष्टकातील दोन नोंदींच्या मधले मूल्य अंदाजाने घ्यावे लागे आणि चौथा थर आला की कोष्टके निरुपयोगी ठरत.

पहिल्या आज्ञावल्या : ही अडचण मोठ्या संगणकांमुळे दूर झाली. शेव्हरॉन या तेल कंपनीच्या संशोधन विभागात १९६३ मध्ये बहुथरी रचनेतील प्रतिबले व विकृती काढणारी आज्ञावली तयार झाली. ती इतर संशोधकांच्याही हाती आली आणि तिच्यात फेरफार करून अनेक नव्या आज्ञावल्या बनविण्यात आल्या. अमेरिकेतील अस्फाल्ट इन्स्टिट्यूटने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले अभिकल्प आलेख ज्या ‘दामा’ आज्ञावलीवर आधारलेले होते, ती याच कुळातील होय. शेल कंपनीच्या संशोधकांनी १९७३ मध्ये ‘बिसार’ ही आज्ञावली सादर केली. तीत चाकाचा आडवा जोर आणि दोन थरांमधील घसरण यांचाही विचार करता येई. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७२ मध्ये ‘एल्सिम ५’ आणि ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत १९७७ मध्ये ‘सर्कली’ ही आज्ञावली तयार झाली. फ्रान्समध्ये रस्ते व पूल यांच्या केंद्रीय प्रयोगशाळेने ‘आलिझे’ विकसित केली.

या आज्ञावल्यांचे गणिती मूळ एकच असले, तरी त्यांची उत्तरे सर्वत्र सारखी येत नसत. भाराच्या अगदी जवळ, विशेषतः पृष्ठभागालगत, समाकले फार सावकाश अभिसारी होतात. तेथे गणना लवकर थांबविल्यास चुकीचा आकडा येतो आणि तो बरोबर आकड्याइतकाच नेमका दिसतो. म्हणून नवी आज्ञावली ज्ञात उकलींशी व जुन्या आज्ञावल्यांशी ताडून पाहण्याची प्रथा पडली.

विकृतीपासून आयुर्मानाकडे : प्रतिबल कळले म्हणजे रस्ता किती वर्षे टिकेल हे कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष निरीक्षणांची जोड लागते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटवा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेली आशो रस्ता चाचणी या दृष्टीने निर्णायक ठरली. मुद्दाम बांधलेल्या वळसेदार मार्गांवर मालमोटारी सतत फिरवून सु. ११ लक्ष १४ हजार आसभार देण्यात आले. आसभार वाढला की हानी साधारणतः त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा या चाचणीतून निघालेला नियम प्रसिद्ध आहे. त्यानुसार भार दुप्पट झाल्यास हानी सोळापट होते. तथापि हे निष्कर्ष एकाच ठिकाणच्या मातीचे, एकाच हवामानाचे आणि दोन वर्षांच्या वाहतुकीचे होते. पुढील काही दशके अमेरिकेतील अभिकल्प याच चाचणीच्या समीकरणांवर चालले.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी गणिती विश्लेषण व निरीक्षणे यांची सांगड घालणारी यांत्रिक-अनुभवजन्य पद्धत पुढे आली. तीत डांबरी थराच्या तळाशी येणारी ताण-विकृती भेगांशी आणि मातीच्या माथ्यावरील उभी दाब-विकृती चाकोऱ्यांशी निगडित करतात. अमेरिकेत या पद्धतीची विस्तृत मार्गदर्शिका व आज्ञावली २००४ मध्ये पूर्ण झाली आणि २०११ मध्ये राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने ती ‘डार्विन-एमई’ या नावाने वितरित केली. मात्र तिच्यातील सहगुणक स्थानिक रस्त्यांच्या निरीक्षणांशी पुन्हा जुळवून घेणे राज्यांना आवश्यक ठरले.

भारतातील वाटचाल : बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. नम्य फरसबंदीसाठी तिने १९७० मध्ये आयआरसी ३७ ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत सीबीआर व दररोजची व्यापारी वाहने यांवरून जाडी ठरत असे. १९८४ च्या आवृत्तीत वाहनांच्या संख्येऐवजी प्रमाणभूत आसभारांची एकूण बेरीज आली. २००१ च्या आवृत्तीसाठी ‘एफपेव्ह’ या आज्ञावलीने विश्लेषण करण्यात आले आणि कार्यमर्यादा देशातील रस्त्यांच्या निरीक्षणांवरून ठरविल्या गेल्या. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तिचे सुधारित रूप ‘आयआयटीपेव्ह’ तयार झाले व ते २०१२ च्या आवृत्तीबरोबर उपलब्ध करून देण्यात आले. २०१८ च्या आवृत्तीतही तीच आज्ञावली कायम आहे. यामुळे छापील आलेखापुरता मर्यादित असलेला अभियंता स्वतःच्या द्रव्यांनुसार थरांची रचना तपासू शकला.

या आज्ञावलीत थरांची जाडी, स्थितिस्थापकता गुणांक व प्वासाँ गुणोत्तर, तसेच चाकाचा भार व टायरचा दाब द्यावा लागतो. मातीचा गुणांक बहुधा सीबीआरवरूनच काढतात. ५ टक्के सीबीआरला तो ५० मेगॅपास्काल धरतात. म्हणजे १९२९ च्या सुमाराची चाचणी आजच्या गणनेच्या मुळाशी अजूनही आहे. चाकोरीच्या भारतीय सूत्रात विकृतीचा घात सु. ४·५३ आहे. त्यामुळे विकृतीचा अंदाज केवळ १० टक्क्यांनी कमी धरला गेला, तर रस्त्याचे खरे आयुर्मान गणनेपेक्षा सु. एक तृतीयांशाने कमी भरते. त्याचप्रमाणे जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार टायरांच्या एकेरी आसाची अनुज्ञेय भारमर्यादा १०·२ टनांवरून ११·५ टन केली. चतुर्घात नियमाने अशा पूर्ण भरलेल्या आसाची हानी सु. ६० टक्क्यांनी वाढते. हा बदल आज्ञावली आपण होऊन ओळखू शकत नाही. आसभारांचे नवे सर्वेक्षण करून तो तिला द्यावा लागतो.

जोपासना व मर्यादा : सुरुवातीच्या आज्ञावल्या फोर्ट्रान भाषेत, छिद्रित पत्रांवर चालणाऱ्या संगणकांसाठी लिहिलेल्या होत्या. यंत्रे बदलत गेली तसतशी त्यांची पुनर्रचना करावी लागली. ‘एल्सिम ५’ची लघुसंगणकावरील आवृत्ती १९८६ च्या सुमारास आली, तर ‘बिसार’ची विंडोज प्रणालीवरील आवृत्ती १९९८ मध्ये निघाली. जोपासनेच्या रीतीही भिन्न राहिल्या : काही आज्ञावल्या कंपन्यांनी सांभाळल्या, ‘केनलेयर’ ही हुआंग यांच्या १९९३ च्या पाठ्यपुस्तकाबरोबर दिली गेली, ‘डार्विन-एमई’चा भार राज्यांच्या संघटनेने उचलला आणि ‘आयआयटीपेव्ह’ मार्गदर्शक तत्त्वांना जोडली गेली. जी आज्ञावली मूळ कर्त्यांबरोबरच थांबते, तिच्यातील दोष शोधणारा व दुरुस्त करणारा कोणी उरत नाही. तिची उत्तरे मात्र वापरात राहू शकतात.

यंत्राने गणनेचे श्रम संपविले. मातीचा नमुना घेणे, वाहने तोलणे व बांधलेल्या रस्त्यावरील भेगा आणि चाकोऱ्या वर्षानुवर्षे नोंदविणे ही कामे संपविली नाहीत. फरसबंदीच्या आज्ञावलीची विश्वसनीयता अखेरीस या नोंदींच्या सातत्यावरच अवलंबून असते.