लघुप्रतिकृतींच्या रंगकामातील फिरती चकती

विमाने, रणगाडे, युद्धनौका यांच्या लघुप्रतिकृती जोडण्याच्या छंदात सुटे भाग चिकटवण्याचे काम चिकाटीने कोणालाही जमते. खरी परीक्षा होते ती रंगकामात. कित्येक आठवडे खपून उभी केलेली प्रतिकृती शेवटच्या तासाभरात ओल्या रंगावर उमटलेल्या अंगठ्याच्या ठशामुळे बिघडते, असा अनुभव अनेक हौशी मंडळींना येतो. हे टाळण्याचे साधे आणि स्वस्त साधन म्हणजे टर्नटेबल, अर्थात फिरती चकती.

या छंदात प्रमाणाला फार महत्त्व असते. विमानांसाठी १:७२ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी याच प्रमाणातील प्रतिकृती वापरल्या गेल्या. साहजिकच प्रत्यक्षातील बोटभर रुंदीचा पट्टा येथे केसाएवढा होतो आणि हाताची किंचित थरथरही नजरेत भरते.

रचना आणि तत्त्व

फिरत्या चकतीची रचना कुंभाराच्या चाकाशी नाते सांगणारी आहे. खाली जड बैठक, मध्ये पोलादी गोळ्यांचे बेअरिंग आणि वर सपाट तबकडी असे तिचे तीन भाग असतात. मातीच्या भांड्यांवर गोलाकार रेषा काढणारे कारागीर अशीच चकती वापरतात. बीड धातूची जड चकती एकदा फिरवली, की बराच वेळ संथपणे फिरत राहते. प्लॅस्टिकची हलकी चकती लगेच थांबते.

तिचा मुख्य लाभ असा, की रंगवणाऱ्याचा हात, दिवा आणि ब्रश आपल्या जागी राहतात. फिरते ती वस्तू. त्यामुळे प्रत्येक बाजूला प्रकाश त्याच कोनातून पडतो, फवाऱ्याचे अंतर बदलत नाही आणि ओल्या पृष्ठभागाला बोट लावण्याची वेळच येत नाही.

फवारणी करताना

एअरब्रशने रंग फवारताना चकती सतत फिरवत ठेवावी, असे नवख्यांना वाटते. हा गैरसमज आहे. फिरत्या चकतीवर केंद्रापासून दहा सेंटिमीटरवरील भाग दोन सेंटिमीटरवरील भागाच्या पाचपट वेगाने पुढे सरकतो. परिणामी पंखांच्या टोकांना रंग विरळ बसतो, तर मधल्या भागावर तो साचून ओघळतो. म्हणून चकती एक अष्टमांश फेरी फिरवून थांबवावी, त्या बाजूवर सरळ फवारे मारावेत आणि मग पुढची बाजू समोर आणावी. प्रत्येक फवारा प्रतिकृतीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. एअरब्रश साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर दूर धरावा. एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर देणे केव्हाही हितावह.

चाके आणि गोल पट्टे

याउलट विमानाची चाके, पंख्याच्या नाकावरील टोपी किंवा नळकांड्यावरील पट्टे रंगवताना चकती फिरतीच ठेवावी लागते. यासाठी तबकडीवर कंपासने एककेंद्री वर्तुळे आखून घ्यावीत. चाकाचा मध्य तंतोतंत केंद्रावर आणून चिकट पुट्टीने ते बसवावे. उजव्या हाताचे कोपर मेजावर टेकवून ब्रशचे टोक स्थिर धरावे आणि डाव्या हाताने चकती हळू फिरवावी. ब्रशचे केस रंगाच्या रेषेमागे ओढले जातील, अशा दिशेने ती फिरली पाहिजे. केंद्र अर्धा मिलिमीटर जरी चुकले, तरी रेषा डोलू लागते. म्हणून आधी कोरड्या ब्रशने एक फेरी मारून पाहणे उत्तम.

लांब प्रतिकृतींची अडचण

नौकांच्या बाबतीत प्रश्न लांबीचा असतो. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावणारी जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' सुमारे २१३ मीटर लांब होती. निवृत्तीनंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली ही नौका २०१४ मध्ये भंगारात काढण्यात आली. आज तिचे पूर्ण रूप पाहायचे तर छायाचित्रे आणि प्रतिकृती हाच आधार आहे. १:७०० प्रमाणात ती सुमारे ३० सेंटिमीटरची, तर १:३५० प्रमाणात ६१ सेंटिमीटरची होते. अशा प्रतिकृतीसाठी चकतीवर लांब फळी बसवावी लागते, फळीचा तोल मध्यावर साधावा लागतो आणि मेजावर तेवढे वर्तुळ मोकळे ठेवावे लागते.

निवड आणि काळजी

घरगुती कामाला २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची चकती पुरते. केक सजवण्याचा फिरता स्टँडही चालतो. घेताना तबकडी डुगडुगत नाही ना, हे पाहावे. प्रदर्शनासाठी मिळणाऱ्या विजेवरील चकत्यांचा वेग हाताच्या आज्ञेत नसल्याने त्या रंगकामाला सोयीच्या नाहीत. शिवाय ज्वालाग्राही थिनरच्या वाफेजवळ विजेची मोटार नसलेलीच बरी. तबकडीवर वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि बेअरिंगमध्ये रंग जाऊ देऊ नये.

काम संपल्यावर प्रतिकृती चकतीवरच ठेवून वरून खोके झाकावे, म्हणजे धूळ बसत नाही. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, इनॅमल रंग वाळण्यास अधिक वेळ घेतो आणि लॅकरवर पांढुरकी झाक येऊ शकते. तेव्हा घाई करू नये. फवारणी नेहमी हवेशीर जागेत, रंगाचे कण आणि वाफ या दोहोंपासून संरक्षण देणारा मुखवटा लावूनच करावी. बंद सदनिकेत लहान मुले असतील, तर हा नियम कधीही मोडू नये.